चढावर गाडी मध्येच मान टाकते, स्कॅन केलं की म्हणतात फॉल्टच नाही. काय करू?

पिंट्या_ढोकाळी | १० जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, इथे वर्षभर नुसता वाचतोय, आज लिहायची पाळी आली.

गाडी २०२१ची, बाराशे सीसी पेट्रोल, कंपनी फिटेड सीएनजी, मॅन्युअल, ५२ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "तुमची भारी की आमची" मध्येच संपेल. रोजचं जाणंयेणं ढोकाळी ते महापे, कळवा पूल, विटावा, ऐरोली आणि मग ठाणे-बेलापूर रोड. चार वर्षं एक तक्रार नाही.

जूनच्या शेवटी घणसोलीच्या फ्लायओव्हरवर चढताना पहिल्यांदा झालं. तिसऱ्या गिअरला होतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे जायचं नावच घेईना. इंजिन बंद पडलं नाही हां, आवाज चालू, एसी चालू, पण पाय पार खाली टेकलाय आणि गाडी आपली रांगतेय, जसं काही कोणीतरी मागून डिकी धरून ठेवलीय. आरपीएम दोन हजाराच्या वर जाईना. इंजिनची पिवळी लाइट लागली. कशीबशी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली तर एकदम नॉर्मल. म्हटलं पेट्रोलमध्ये कचरा आला असेल, सोडून दिलं.

मग गेल्या शनिवारी वसईहून परत येताना फाउंटन हॉटेलच्या पुढे, काजूपाड्याकडून गायमुखला जो चढ लागतो ना, तिथे. रात्रीचे साडेनऊ, धो धो पाऊस, रस्त्याची अवस्था तुम्हाला माहितीच आहे, गाडीत बायको, आई आणि सहा वर्षांची मुलगी, मागे बंपरला चिकटून कंटेनर. दुसऱ्या गिअरला गाडीने परत तोच प्रकार केला. चारही इंडिकेटर लावले आणि पहिल्या गिअरवर मुंगीच्या पावलाने चढत राहिलो, कंटेनरवाला हॉर्नवर हॉर्न, आईने मागे रामरक्षा सुरू केली. वर सपाटीला आल्यावर बंद करून चालू केली तर परत शहाण्यासारखी घरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्याने बॅटरीचं टर्मिनल काढून दहा मिनिटांनी लावलं, लाइट गेली, १०० रुपये घेतले. सोमवारी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी लॅपटॉप लावला आणि सांगितलं, "सर, सिस्टीममध्ये एकपण फॉल्ट नाही." तरी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर क्लीनिंग केलं, बिल ७,८४० रुपये. आणि काल सकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून वर येताना परत तेच!!

आता बायको गाडीत बसायला तयार नाही. हे नक्की काय असतं? कोणाला असा अनुभव आहे का? आणि ठाण्यात किंवा वाशी-तुर्भे साइडला कोणी खरोखर डोकं लावणारा माणूस आहे का, नुसते पार्ट बदलणारा नको.

डिझेल_खारघर | १० जुलै, रात्री ११:४८

सेम टू सेम माझ्या गाडीला झालं होतं भाऊ, पण माझी डिझेल आहे, बीएस सिक्स. घर खारघर, ऑफिस बेलापूर, म्हणजे जाऊन येऊन दहाबारा किमी आणि त्यात सिग्नलच जास्त. आपल्याकडे एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, धुरातली काजळी पकडणारी जाळी म्हणा. ती काजळी जाळायला सायलेन्सर चांगला सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो आणि ते सिग्नल-टू-सिग्नल गाडीत होतच नाही. जाळी तुंबली की इंजिन पॉवर कापतं. मला तर ऑइलची पट्टी काढून बघितल्यावर कळलं, लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली, कारण अर्धवट जाळायच्या नादात डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं.

आता पंधरा दिवसांतून एकदा अटल सेतूवर नेऊन आणतो. जायचेच २५० रुपये टोल, बायको म्हणते डीपीएफला फिरायला नेतोस, मला कधी नेणार.

तुझी पेट्रोल आहे म्हणजे हे नसणार, पण कोणी डिझेलवाला वाचत असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

स्पष्टवक्ता_कळवा | ११ जुलै, सकाळी ७:०५

कारण एकच. ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाजून पाजून गाड्यांची वाट लावली आहे. पावसाळ्यात इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीत तळाला पाणी साचतं, गाडी झटके मारते. गाडी २०२१ची म्हणजे ई२० साठी बनलेलीच नाही. उगाच मेकॅनिकच्या मागे धावू नका, सगळ्यांना माहिती आहे पण बोलत कोणी नाही.

सीवूड्स_एक्सप्रेस | ११ जुलै, सकाळी ९:३०

पिंट्यादादा, वाचूनच पोटात गोळा आला, कारण मी वाशीच्या खाडीपुलावर अडकलेय अशी. फक्त माझी पॉवर कमी नाही झाली, गाडी डायरेक्ट बंदच पडली. मानखुर्दकडून येत होते, मे महिना, तीन वाजताचं ऊन, पुलाच्या मध्यावर आरपीएमचा काटा पटकन शून्यावर, गाडी मात्र वेगात अजून पळतेच आहे. आधी कळलंच नाही काय झालं. स्टिअरिंग एकदम दगड. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्यांदा कडक. नंतर मेकॅनिककाकांनी सांगितलं की इंजिन बंद झाल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे घाबरून पॅडल पंप करत बसायचं नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचं. आणि चावी पूर्ण मागे फिरवून काढायची तर अजिबात नाही, स्टिअरिंग लॉक झालं तर खेळ खल्लास.

वीस मिनिटं थांबले, गाडी थंड झाली आणि आपोआप चालू! तिसऱ्यांदा असं झाल्यावर सापडलं, क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर. गरम झाला की सिग्नल देणं बंद करायचा, गार झाला की परत द्यायचा. सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत गाडी गार, मग त्यांना काय सापडणार कपाळ.

तुमचं इंजिन चालू राहतंय म्हणजे हे नसावं, पण तोपर्यंत प्लीज घरच्यांना घेऊन घाटात जाऊ नका.

आजोबा_नौपाडा | ११ जुलै, सकाळी १०:१५

आमच्या फियाटला ३० वर्षांत एकदाच असं झालं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा. जेट काढलं, फुंकर मारली, लावलं. खर्च शून्य. आता तुमच्या गाडीला फुंकर कुठे मारायची तेच सापडत नाही.

रेंचवाला_रबाळे | ११ जुलै, दुपारी १:४०

पिंट्या, मी अठरा वर्षं गॅरेज लाइनमध्ये होतो, आता स्पेअर पार्टच्या धंद्यात आहे. अंदाज मारण्याआधी चार गोष्टी विचारतो, नीट आठवून सांग.

जेव्हा असं होतं तेव्हा गाडी सीएनजीवर असते की पेट्रोलवर, का दोन्हीवर झालंय? हे सगळ्यात महत्त्वाचं. दुसरं, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी झटके मारते, मिसिंग करते, की अगदी गुळगुळीत पण मेलेली असते? तिसरं, दरवेळी बंद करून चालू केल्यावर लगेच ठीक होते का? आणि गॅरेजवाल्याने टर्मिनल काढलं ते सर्व्हिस सेंटरला नेण्याच्या आधी की नंतर?

पिंट्या_ढोकाळी | ११ जुलै, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. सीवूड्सताई, ते ब्रेकचं खरंच माहीत नव्हतं.

रेंचवाले दादा, उत्तरं देतो. फ्लायओव्हरवर झालं तेव्हा सीएनजी होता. गायमुखला पेट्रोल, कारण वसईला सीएनजीची रांग बघून भरलाच नव्हता. विटाव्याला परत सीएनजी. झटके अजिबात नाहीत, अगदी गुळगुळीत, फक्त ताकद नाही. बंद करून चालू केली की तिन्ही वेळा ताबडतोब ठीक. आणि टर्मिनल आधी काढलं, रविवारी, सर्व्हिस सेंटर सोमवारी. का, त्याने काही फरक पडतो का?

रेंचवाला_रबाळे | ११ जुलै, रात्री १०:३५

फरक? अरे पुरावाच पुसला की त्याने. लाइट लागली याचा अर्थ इसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, फॉल्टचा कोड लिहून ठेवला होता, नुसता कोड नाही, त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती, हा सगळा पंचनामा सोबत ठेवतो तो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की ते जातं. मग सोमवारी लॅपटॉपवाला म्हणाला फॉल्ट नाही, तो खोटं बोलत नव्हता, पण तू त्याला टर्मिनलचं सांगितलं नसशील आणि त्यानेही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. सीएनजीवर पण होतंय आणि पेट्रोलवर पण, म्हणजे पेट्रोल पंप, पेट्रोल इंजेक्टर, सीएनजीचा रेग्युलेटर, सीएनजी फिल्टर हे सगळं जवळपास बाद झालं. दोन्ही इंधनांच्या वाटा वेगळ्या, मग दोघांना एकाच वेळी रोग कसा होईल? स्पष्टवक्ता साहेब, ई२० वर माझाही राग आहे, इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांशाने कमी असते त्यामुळे मायलेज थोडं खाली येणारच, आणि जुन्या गाड्यांच्या रबराचा प्रश्न पण खरा आहे. पण सीएनजीत इथेनॉल कुठून आलं? प्लग आणि कॉइल दोन्ही इंधनांना कॉमन असतात, पण ते गेले तर गाडी थडथडते, मिसिंग करते. ही गुळगुळीत आहे.

राहिलं काय, तर हवा. म्हणजे थ्रॉटल, इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी चकती.

आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल नसते. आजोबांच्या फियाटमध्ये पाय दाबला की तार ओढली जायची, चकती उघडायची, विषय संपला. आता पॅडल म्हणजे नुसता सेन्सर. तो इसीएमला सांगतो साहेबांनी इतकं दाबलंय, इसीएम थ्रॉटलच्या मोटरला सांगतो इतकं उघड, आणि थ्रॉटलमधला सेन्सर उलट कळवतो की उघडलं. हे सेन्सर मुद्दाम जोडीने बसवलेले असतात, पॅडलला दोन, थ्रॉटलला दोन, कारण एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो वेडा झाला तर गाडी आपोआप सुसाट सुटेल. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलच्या एका सेन्सरचं व्होल्टेज वाढतं तसं दुसऱ्याचं कमी होतं, दोघांची बेरीज कायम पाचच्या आसपास. साक्ष जुळली नाही की इसीएम घाबरतो, मोटरचा करंट तोडतो आणि चकती स्प्रिंगच्या जोरावर जेमतेम फटीएवढी उघडी राहते. तेवढ्या हवेवर गाडी रांगत कडेला जावी एवढीच सोय. याला लिंप मोड म्हणतात, लंगडी गाडी. इग्निशन बंद-चालू केलं की इसीएम नव्याने साक्ष घेतो, त्या वेळी जुळते, म्हणून तुझी गाडी शहाणी होते.

आता एक काम कर. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घे, गाडीचे कोड वाचणारा, हजार रुपयांच्या आत येतो, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा, मोबाइलमध्ये अ‍ॅप. पुन्हा झालं की कडेला घे आणि कोडचा स्क्रीनशॉट काढ, क्लिअरचं बटण दाबू नको, कोणाला दाबू पण देऊ नको, आणि टर्मिनलला हात लावणाऱ्याच्या हातावर पाना मार.

स्पष्टवक्ता_कळवा | ११ जुलै, रात्री १०:५२

सीएनजी गाडी पण स्टार्ट पेट्रोलवरच होते बहुतेक. तेव्हा थोडं इथेनॉल जातंच.

रेंचवाला_रबाळे | ११ जुलै, रात्री १०:५५

हो, आणि मी सकाळी चहात साखर घातली म्हणून संध्याकाळी माझी स्कूटर बंद पडली.

जॉबकार्ड_बेलापूर | १२ जुलै, सकाळी ११:००

तांत्रिक बाजू रेंचवाले बघतायत, मी कागदाची सांगतो, कारण माझं एक प्रकरण मी ग्राहक आयोगापर्यंत नेलंय आणि तिथे मला सगळ्यात जास्त काय नडलं तर माझीच जॉब कार्डं, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहितं ते कागद.

आपण तोंडी सांगतो, "घाटात कुटुंब होतं, मागे कंटेनर होता, गाडीने दगा दिला." अ‍ॅडव्हायझर मान डोलावतो आणि लिहितो, "चेक फॉर पिकअप." झालं. सहा वेळा गाडी नेली तरी कागदावर काय, ग्राहकाला पिकअप कमी वाटतो. वाटतो! सही करण्याआधी वाचा आणि तुमच्या शब्दात लिहायला लावा, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, चढावर, इंजिनची लाइट लागून गाडीची ताकद गेली, दुसरी वेळ. लिहीत नसेल तर तिथे उभ्या उभ्या त्यांच्या ईमेलवर पाठवा, तारीख-वेळ आपोआप पडते. स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा, "फॉल्ट नाही" असा रिपोर्ट असला तरी मागा. बदललेले जुने पार्ट परत मागा.

तुमची वॉरंटी संपली असेल तरी ७,८४० रुपये घेऊन दोष गेला नाही ही सेवेतली त्रुटी होऊ शकते. आधी १९१५ वर नोंदवा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, बऱ्याच वेळा तेवढ्यावरच मॅनेजरचा फोन येतो. नाहीच झालं तर आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोबदला, म्हणजे वस्तू-सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. फक्त वेळ लागतो, माझ्या केसमध्ये मुलगी दहावीतून कॉलेजला गेली.

आणि एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत सारखाच दोष असेल तर कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का, ते बघा. माझ्या भाच्याच्या गाडीचा फुकट पार्ट दीड वर्ष पडून होता, एसएमएस जुन्या नंबरवर जात होता.

पिंट्या_ढोकाळी | १९ जुलै, रात्री १०:०५

अपडेट. डोंगल घेतला. आठवडाभर गाडीने एकदाही त्रास दिला नाही, सतीसावित्री. आज संध्याकाळी कोपरखैरण्याला मित्राकडे जाताना घणसोलीच्या त्याच फ्लायओव्हरवर मान टाकली. जिंदगीत पहिल्यांदा गाडी बिघडल्याचा आनंद झाला.

कोड पी२१३५. अ‍ॅपमध्ये लिहिलंय थ्रॉटल पोझिशन सेन्सर ए आणि बी, व्होल्टेज जुळत नाही. पंचनामा: स्पीड ३८, आरपीएम १९५०, लोड ८१ टक्के, पाणी ८९ डिग्री.

स्क्रीनशॉट सर्व्हिस सेंटरला पाठवला तर अर्ध्या तासात फोन, "सर, थ्रॉटल बॉडी असेंब्ली बदलावी लागेल, १६,५०० प्लस लेबर, पार्ट दोन दिवसांत येतो." ज्यांना सोमवारी फॉल्ट दिसत नव्हता त्यांना आता न बघता पार्ट कळला. टाकू का बदलून? वैतागलोय खरं तर, १६ हजार जाऊ देत पण झोप लागू दे असं झालंय.

रेंचवाला_रबाळे | १९ जुलै, रात्री १०:४०

थांब थांब थांब. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. कोड एवढंच सांगतो की दोन साक्षी जुळत नाहीत. साक्षीदार खोटा असेल किंवा साक्षीदाराचा फोन कट होत असेल, इसीएमला दोन्ही सारखंच. थ्रॉटलपासून इसीएमपर्यंत सहा वायरी येतात, एक कनेक्टर आहे, त्यातली एक पिन सैल झाली, हिरवी पडली, वायर आतून तुटली, तरी हाच कोड येणार.

आणि तुझा पंचनामा बघ. आडव्या रस्त्यावर कधीच नाही, दरवेळी चढ, दरवेळी लोड. थ्रॉटलचा सेन्सर आतून झिजला असता तर त्याला चढउतार काय कळतो, कळवा पुलाच्या ट्रॅफिकमध्ये पण त्याने त्रास दिला असता. चढावर जोर लावला की इंजिन माउंटवर, म्हणजे त्याच्या रबरी आधारांवर, कलतं, बोटभर हलतं. बॉडी जागच्या जागी, इंजिन हललं, मग मधली वायरिंग ताणली जाणार. माझं मत, वायरच. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठ, वागळे इस्टेटला रोड नंबरांच्या गल्ल्यांत आहेत, तुर्भ्यालाही आहेत. त्याला म्हणावं इंजिन चालू ठेवून थ्रॉटलची वायरिंग हलवून बघ. पार्ट बदलणं शेवटी.

डिझेल_खारघर | १९ जुलै, रात्री ११:१५

रेंचवाले, तुम्ही परत गॅरेज काढा राव, पहिला कस्टमर मी.

पिंट्या_ढोकाळी | २७ जुलै, संध्याकाळी ६:३०

मंडळी, सापडलं!! सविस्तर लिहितो कारण अजून डोळ्यासमोरून जात नाही.

काल वागळेला एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. छोटा गाळा, दारात एक रिक्षा उघडून ठेवलेली, साठीचे चाचा, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. म्हटलं याच्याकडे लॅपटॉप पण नाही, काय बघणार हा. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, कोडचा फोटो बघितला, म्हणाले इंजिन चालू करा आणि गाडीतून उतरा. बॉनेट उघडून दोन मिनिटं काहीच केलं नाही, नुसता आवाज ऐकला. मग थ्रॉटलच्या कनेक्टरपासून निघणारी वायरींची जुडी दोन बोटांत धरली आणि बोटभर बोटभर पुढे सरकत हलवत गेले. कनेक्टरपाशी काही नाही. पुढे काही नाही. एअर फिल्टरच्या डब्याखाली जिथे ती जुडी क्लिपने बॉडीला पकडलीय तिथे बोटं पोहोचली, थोडी खाली दाबली आणि इंजिनने गचका घेतला, पिवळी लाइट लागली! माझ्या अंगावर काटा. मी आत बसून पॅडल दाबलं तर तेच, दोन हजाराच्या वर नाही. बंद, चालू, परत ठीक. परत दाबली, परत मेली. तीनदा करून दाखवलं त्यांनी, जादूगारासारखं.

मग एअर फिल्टरचा डबा काढला. जुडीवरची काळी टेप खालच्या बाजूने कुरतडलेली, वरून बघितलं तर पत्ता लागणार नाही. आणि शेजारी पुराव्यादाखल चार लेंड्या आणि अर्धी सुकलेली पोळी. उंदीर! एक वायर जवळजवळ पूर्ण खाल्लेली, तांब्याचे पाचसहा केस उरले होते आणि तेही पावसाच्या पाण्याने हिरवेगार. इंजिन कललं की ते केस सुटायचे, सपाटीला आलं की टेकायचे. चाचांनी खराब भाग कापला, नवा तुकडा जोडून सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली आणि जुडी क्लिपमध्ये अशी बसवली की इंजिन हललं तरी सैल राहील. शिवाय दाखवलं की उजवीकडच्या इंजिन माउंटच्या रबराला चीर गेलीय, म्हणून इंजिन जास्तच हलत होतं. तो बाहेरून आणून तिथेच बसवला, २,१००. वायरीचे किती म्हटलं तर म्हणाले, द्या सातशे.

सातशे!! सर्व्हिस सेंटरचे ७,८४० आणि कोटेशन १६,५०० आठवून मी तिथेच रिक्षाच्या पायरीवर बसलो.

आज सकाळी एकटाच गायमुखला गेलो, काजूपाड्यापासून वर तीन वेळा चढलो-उतरलो, दुसऱ्या गिअरला पूर्ण पाय दाबून. तिसऱ्या फेरीला चौकीवरच्या ट्रॅफिक हवालदाराने थांबवलं, म्हणाला काय हरवलंय का तुमचं इथे?

रेंचवाले दादा, ठाण्याला आलात की मामलेदार मिसळ माझ्याकडून. तिखट.

रेंचवाला_रबाळे | २७ जुलै, रात्री ८:१०

मीडियमच ठीक, वय झालं. पण चाचांना मान. आणि तो खाल्लेला तुकडा टाकला नाहीस ना?

स्पष्टवक्ता_कळवा | २७ जुलै, रात्री ८:३०

अभिनंदन. पण मायलेज किती कमी झालंय ते बघा आणि मग बोलू.

सीवूड्स_एक्सप्रेस | २७ जुलै, रात्री ९:००

हुश्श. वहिनी बसल्या का गाडीत?

उंदरांसाठी आमच्याकडे पानवाल्याकडची अख्खी तंबाखूची पानं कापडात बांधून बॉनेटमध्ये ठेवतात. वास गेला की बदलायची. शंभर टक्के चालतं असं नाही, पण एक पावसाळा निघालाय. खालून जाळी पण बसवून मिळते. आणि रात्री गाडी लावल्यावर इंजिन गरम असतं, पावसात त्या उबेलाच येतात ते, त्यामुळे कचऱ्याच्या डब्यांपासून लांब लावा.

जॉबकार्ड_बेलापूर | २७ जुलै, रात्री ९:२०

उंदराने वायर खाल्ली तर काही पॉलिसींत ओडी क्लेम, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, बसतो, माझ्या शेजाऱ्याला पूर्ण वायरिंग हार्नेसचा मिळाला होता, सक्तीचे हजार रुपये वजा करून. पण सातशेसाठी नो क्लेम बोनस घालवू नका. ७,८४० चं मात्र सोडू नका, १९१५ वर टाका, चाचांकडून साध्या कागदावर लिहून घ्या काय दोष सापडला ते.

पिंट्या_ढोकाळी | २७ जुलै, रात्री ९:४५

सीवूड्सताई, बसली, पण पुढे. आई म्हणते मी अजून महिनाभर टीएमटीच्या बसनेच जाईन.

१९१५ ला उद्या फोन करतो. आणि लांब लावा म्हणता, पण माझं पार्किंग सोसायटीने दिलंय तेच कचऱ्याच्या खोलीला लागून, स्लॉट नंबर ४२. आत्ता सेक्रेटरींना फोन केला तर म्हणतात आपल्या सोसायटीत उंदीर नाहीतच, असतील तर पुरावा आणा. रविवारी मीटिंग आहे. वायरीचा तुकडा आहे माझ्याकडे, पोळी पण ठेवलीय पिशवीत.

आजोबा_नौपाडा | २७ जुलै, रात्री १०:००

पोळी कोणाच्या घरची आहे तेही शोधा. घडीची आहे की फुलका?